पिशवी मागे झुकलेली आहे, वीर्य बाहेर येतं. म्हणून दिवस राहत नाहीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २८, लग्नाला २ वर्षं, १४ महिन्यांपासून मूल हवं म्हणून प्रयत्न चालू आहेत. पाळी दर ३३ ते ३५ दिवसांनी येते, सहसा चुकत नाही. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'रेट्रोव्हर्टेड युटेरस', म्हणजे मागे झुकलेलं गर्भाशय, असं लिहिलंय, बाकी सगळं नॉर्मल. संबंधानंतर बरंचसं वीर्य बाहेर येतं. घरातल्यांनी कमरेखाली उशी घ्यायला सांगितली, कुणी पालथं झोपायला सांगितलं, आणि एका परिचित बाईंनी पिशवी सरळ करून घेण्याचं ऑपरेशन सुचवलं. पाळीच्या १२ ते १६ व्या दिवसांत तुम्ही न चुकता प्रयत्न करता. यजमानांची तपासणी झालेली नाही, कारण 'त्यांना काही त्रास नाही'.

तुम्हाला काळजी पिशवीच्या झुकावाची आणि बाहेर येणाऱ्या वीर्याची आहे. मला मात्र तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच दोन ओळी जास्त महत्त्वाच्या वाटतात: ३३ ते ३५ दिवसांची पाळी असताना धरलेला १२ ते १६ चा हिशेब, आणि न झालेली वीर्यतपासणी. असं का, हे समजायला आतली रचना नीट समजायला हवी. शाळेच्या पुस्तकातली आकृती समोरून काढलेली, सपाट असते. त्यात पिशवी सरळ उभी, नळ्या दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारख्या दिसतात. प्रत्यक्षात ओटीपोटात असं काही नसतं, आणि बरेचसे गैरसमज त्या सपाट आकृतीतूनच येतात.

गर्भाशय हा साधारण साडेसात सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर जाड असा स्नायूंचा अवयव आहे. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय, आणि या दोघांमध्ये तो बसलेला असतो. त्याची मान, म्हणजे गर्भाशयमुखाकडचा भाग, बंधांनी बऱ्यापैकी घट्ट धरलेला असतो. वरचा भाग मात्र मोकळा असतो आणि पुढे-मागे डोलू शकतो. लघवी साठली की मूत्राशय फुगतं आणि पिशवी मागे सरते; लघवी झाली की परत पुढे येते. बहुतेक बायकांची पिशवी मूत्राशयावर पुढे वाकलेली असते. साधारण पाचांतल्या एकीची मागे, पाठीच्या कण्याकडे वाकलेली असते. काही जण डावखुरे असतात, तितकंच हे नैसर्गिक आहे. सोनोग्राफी करणारे डॉक्टर पिशवीची स्थिती नोंदवतात म्हणून तो शब्द रिपोर्टवर येतो. ते आजाराचं नाव नाही. 'अंग बाहेर येणं' किंवा 'पिशवी खाली उतरणं' याच्याशीही त्याचा संबंध नाही. ते बंध सैल पडल्यामुळे होतं आणि तो वेगळा विषय आहे.

यात एकच प्रश्न खरा महत्त्वाचा आहे: मागे झुकलेली पिशवी हलते का, की मागच्या बाजूला चिकटून बसली आहे? आतून तपासताना दोन बोटांनी गर्भाशयमुख हलवून आणि दुसरा हात ओटीपोटावर ठेवून हे बऱ्याचदा काही क्षणांत कळतं. मोकळी हलणारी पिशवी असेल तर विषय तिथेच संपतो. चिकटलेली असेल तर झुकाव हा दोष नसतो, पण चिकटण्यामागचं कारण शोधावं लागतं: एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), जुना जंतुसंसर्ग, पूर्वीची पोटातली शस्त्रक्रिया, किंवा आपल्याकडे विसरून चालत नाही असा जननमार्गाचा क्षयरोग. पाळीच्या दोन-तीन दिवस आधीच सुरू होणारी आणि वर्षागणिक वाढत जाणारी पोटदुखी, संबंधाच्या वेळी खोलवर दुखणं, पाळीच्या दिवसांत शौचाला बसताना कळ येणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा. हे तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणजे ते नाही, की लिहायचं राहिलं, यावर पुढचं बरंच अवलंबून आहे.

पिशवी सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया पूर्वी होत असत. नुसत्या झुकावासाठी, मूल राहावं म्हणून, आज त्या करायचं कारण नाही. उलट पोटातल्या प्रत्येक शस्त्रक्रियेत नवीन चिकटे, म्हणजे अवयव एकमेकांना चिकटवणारे पट्टे, निर्माण होण्याची शक्यता असते, आणि ते चिकटे नळ्यांना अडथळा करतात. त्या बाईंचा सल्ला आपुलकीचा असेल, पण तो ऐकू नका.

आता वीर्य बाहेर येण्याबद्दल. वीर्य म्हणजे शुक्रजंतू हे समीकरण चुकीचं आहे. एका वेळी साधारण दीड ते ५ मिलिलिटर वीर्य येतं. त्यातला निम्म्याहून बराच जास्त भाग मूत्राशयामागच्या शुक्राशय नावाच्या दोन पिशव्यांमधून येतो, आणि साधारण पाव ते एक तृतीयांश भाग पुरःस्थ ग्रंथीतून, म्हणजे प्रोस्टेटमधून. वृषणातून आलेला, शुक्रजंतू असलेला भाग अगदी थोडा असतो. म्हणूनच नसबंदी झालेल्या पुरुषाच्या वीर्याच्या प्रमाणात डोळ्यांना फरक दिसत नाही.

वीर्य बाहेर पडताच दह्यासारखं घट्ट होतं आणि १५ ते ३० मिनिटांत पातळ होतं. पातळ झालं की थोडं बाहेर येणारच, कारण योनिमार्ग ही बंद बाटली नाही. ७ ते १० सेंटिमीटर लांबीची, भिंती एकमेकींना टेकलेली नळी आहे. तिथलं वातावरण आम्ल असतं, सामू ३.८ ते ४.५ च्या आसपास. हे आम्ल जंतुसंसर्गापासून संरक्षण करतं, पण शुक्रजंतूंनाही ते फार वेळ मानवत नाही. म्हणून ज्यांना पुढे जायचं असतं ते पहिल्या काही मिनिटांतच गर्भाशयमुखातल्या स्रावात शिरतात. बाहेर येतो तो उरलेला द्रव आणि मागे राहिलेले शुक्रजंतू. उशी घेऊन १० मिनिटं पडून राहिलात तर नुकसान काही नाही, पण त्याने दिवस राहण्याची शक्यता वाढते असं सिद्ध झालेलं नाही. पालथं झोपण्याचंही तेच. मागे झुकलेल्या पिशवीचं मुख थोडं पुढच्या बाजूला वळलेलं असतं, एवढ्यावरून ती कल्पना निघाली आहे. मुखाची दिशा बदलली म्हणून शुक्रजंतूंची वाट बंद होत नाही.

दोन गोष्टींनी मात्र नुकसान होतं. एक, संबंधानंतर आतून पाण्याने किंवा कुठल्या 'वॉश'ने धुणं. बाहेरून धुवा, आत पाणी मारू नका. दुसरी, कोरडेपणासाठी थुंकी किंवा बाजारातलं कुठलंही वंगण वापरणं. यांतल्या अनेकांनी शुक्रजंतूंची हालचाल मंदावते. वंगण लागतच असेल तर गर्भधारणेच्या प्रयत्नांत चालणारं म्हणून मिळतं तेवढंच घ्या.

इथे एक नाजूक प्रश्न विचारायलाच हवा. वीर्य लगेच, सगळंच्या सगळं बाहेर येतं, आणि संबंधाच्या वेळी खूप दुखतं किंवा स्नायू आपोआप आवळले जातात, असं आहे का? कधी कधी प्रवेश पूर्ण होतच नाही आणि वीर्य योनीच्या तोंडाशीच पडतं. जोडप्याला ते कळत नाही, कारण तुलना कशाशी करणार? यात लाजण्यासारखं काही नाही आणि यावर उपाय चांगले आहेत, पण ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नाही. नुसतं थोडं बाहेर येत असेल तर वीर्य आत पोचलं होतं एवढाच त्याचा अर्थ.

गर्भाशयमुखातला स्राव महिनाभर सारखा नसतो. एरवी तो घट्ट, चिकट बुचासारखा असतो. त्यातून काही आत जात नाही. बीजांड सुटण्याच्या आधीचे काही दिवस तो कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पातळ, पारदर्शक आणि दोन बोटांत ताणला जाणारा होतो. अशा स्रावात शुक्रजंतू ५ दिवसांपर्यंत तग धरू शकतात. बीजांडाचं आयुष्य मात्र १२ ते २४ तासांचं. म्हणजे गर्भ राहण्याजोगे दिवस महिन्यातून ६: बीजांड सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे ५. त्यातही शेवटचे दोन-तीन सगळ्यांत चांगले.

तुमचा हिशेब इथे चुकतोय. पाळी आल्यापासून बीजांड सुटेपर्यंतचा काळ बाईगणिक बदलतो. बीजांड सुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचा काळ त्यामानाने स्थिर, साधारण १४ दिवस असतो. म्हणून मोजायचं पुढच्या पाळीपासून उलटं. २८ दिवसांची पाळी असेल तर १४ वा दिवस. तुमची ३३ ते ३५ ची, म्हणजे १९ ते २१ वा दिवस. '१२ ते १६' हा सल्ला २८ दिवसवालीचा आहे आणि तो सगळ्यांना सरसकट दिला जातो. तुमच्या बाबतीत १६ व्या दिवशी आत गेलेल्या शुक्रजंतूंना ३ ते ५ दिवस वाट पाहावी लागते, आणि नेमक्या चांगल्या दिवसांत तुम्ही थांबलेले असता. १४ महिने प्रयत्न झाले खरे, पण योग्य दिवसांत किती झाले हे सांगता येत नाही.

पुढच्या महिन्यापासून १३ व्या दिवसापासून २२ व्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. रोज जमत असेल तरी हरकत नाही. वीर्य 'साठवून' ठेवल्याने फायदा होत नाही, बऱ्याच दिवसांच्या खंडानंतर उलट जुने, मंद शुक्रजंतू जास्त निघतात. खात्री हवी असेल तर मेडिकलमध्ये लघवीवर करायचं ओव्ह्युलेशन किट मिळतं. १५ व्या दिवसापासून रोज ठरावीक वेळी करा. रेघ गडद झाली की साधारण २४ ते ३६ तासांत बीजांड सुटतं. पीसीओएस (बीजांड वेळेवर न सुटण्याचा, संप्रेरकांचा एक विकार) असेल तर हे किट फसवू शकतं. नियमित ३३ ते ३५ दिवसांच्या पाळीत बहुतेक वेळा बीजांड सुटत असतं. तपासायचं असेल तर प्रोजेस्टेरॉनची (बीजांड सुटल्यावर वाढणाऱ्या संप्रेरकाची) रक्ततपासणी पाळीच्या अपेक्षित तारखेच्या ७ दिवस आधी करायची, तुमच्यासाठी २६ ते २८ व्या दिवसाच्या सुमारास. डोळे झाकून २१ व्या दिवशी केलीत तर आकडा कमी येईल आणि 'अंडं बनत नाही' असा शिक्का उगाच बसेल.

यानंतर नळ्या. प्रत्येक गर्भनलिका १० ते १२ सेंटिमीटरची. पिशवीच्या भिंतीतून जाते तिथे आतली पोकळी जेमतेम मिलिमीटरभर असते. पुढे ती रुंदावत जाते आणि शेवटी झालरीसारखी उघडते. नळी बीजकोशाला जोडलेली नसते. बीजकोशातल्या फुटलेल्या कूपातून, म्हणजे बीजांड वाढतं त्या छोट्या फोडातून, सुटलेलं बीजांड ती झालर हलत हलत टिपून घेते. म्हणून नळी नुसती उघडी असून भागत नाही, ती मोकळी हलायलाही हवी. फलन नळीच्या रुंद भागात होतं. स्खलनाच्या वेळी कोट्यवधी असलेल्या शुक्रजंतूंपैकी तिथवर काही शेच पोचतात. फलित बीज ४ ते ५ दिवसांत पिशवीत उतरतं आणि फलनानंतर साधारण आठवड्याने रुजतं. नळ्या बंद असणं हे निपुत्रिकपणाचं इतकं ठळक कारण आहे की १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं ते आईच्या नळ्या बंद होत्या म्हणूनच, आणि आपल्या मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या चमूने १९८६ मध्ये ते करून दाखवलं.

साध्या सोनोग्राफीत निरोगी नळ्या दिसत नाहीत. त्यामुळे 'बाकी सगळं नॉर्मल' यात नळ्यांबद्दल काहीच आलेलं नाही. त्यासाठी एचएसजी नावाचा एक्स-रे करतात: रक्तस्राव थांबल्यावर, साधारण ७ ते १० व्या दिवसाच्या दरम्यान, गर्भाशयमुखातून एक्स-रेत दिसणारं औषध सोडून. थोडं दुखतं, म्हणून तासभर आधी वेदनाशामक गोळी घेतात. रिपोर्टमध्ये नळी पिशवीच्या कोपऱ्यापाशीच बंद दिसली तर लगेच खचून जाऊ नका. दुखण्याने तिथला स्नायू आवळला की नळी खोटीच बंद दिसते. शेवटाकडे बंद होऊन पाण्याने फुगलेली नळी मात्र गांभीर्याने घ्यावी लागते, कारण ते पाणी पिशवीत झिरपतं आणि आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार) केलं तरी यशाची शक्यता घटवतं.

पण एचएसजीच्या आधी यजमानांची वीर्यतपासणी. हा क्रम मी आग्रहाने सांगते. एचएसजी दुखते, क्ष-किरण लागतात. वीर्यतपासणीत काहीच दुखत नाही, खर्चही कमी. तरी आपल्याकडे बाईच्या पाच तपासण्या होतात आणि पुरुषाची शेवटी, तीही नाखुशीने. मूल न राहण्याच्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बाईकडच्या कारणासोबत. 'सगळं व्यवस्थित होतं' म्हणजे ताठरता आणि स्खलन ठीक आहे. शुक्रजंतू आहेत की नाहीत हे त्यावरून कळत नाही. ते वर सांगितलेल्या वीर्याच्या हिशेबातूनच स्पष्ट आहे.

वृषण पोटाबाहेर असतात कारण शुक्रजंतू बनायला शरीरापेक्षा २ ते ३ अंश कमी तापमान लागतं. एक शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७० दिवस लागतात. मग तो वृषणाच्या मागे असलेल्या अधिवृषणात जातो. ही सुमारे ६ मीटर लांबीची नळी बोटाएवढ्या जागेत वेटोळी घालून बसलेली असते, आणि तिच्यातून जाताना त्याला पोहण्याची ताकद येते. तिथून शुक्रवाहिनी जांघेतून पोटात चढते, मूत्राशयामागून वळते आणि पुरःस्थ ग्रंथीतून मूत्रमार्गात उघडते. एकूण प्रवास तीन महिन्यांच्या आसपास. याचा व्यवहारातला अर्थ असा: आज दिसणारा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीपासूनची गोष्ट सांगतो. मध्ये डेंग्यू, टायफॉइडसारखा मोठा ताप येऊन गेला असेल तर आकडे पडलेले दिसतात आणि पुढे आपोआप सावरतात. औषध सुरू केलं तरी परिणाम पाहायला तीन महिने थांबायचं.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस खंड हवा. शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा तर अंगाजवळ ऊब राहील असा धरून अर्ध्या तासात, फार तर एका तासात पोचवावा. तेल, साबण वापरू नये, निरोध तर अजिबात नाही. सगळ्यांत महत्त्वाचं, पहिला थेंब सांडता कामा नये, कारण सगळ्यांत जास्त शुक्रजंतू पहिल्या भागात असतात. सांडला तर लॅबला तसं सांगावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे खालची मर्यादा अशी: प्रमाण १.४ मिलिलिटर, प्रति मिलिलिटर १ कोटी ६० लाख शुक्रजंतू, ४२ टक्के हालचाल करणारे, ४ टक्के नीट आकाराचे. हो, ४ टक्केच. 'मॉर्फॉलॉजी (आकार) फक्त ५ टक्के' पाहून लोक हादरतात, ते नॉर्मल आहे. एका खराब रिपोर्टवर निदान करू नये, तपासणी पुन्हा करावी.

शुक्रजंतू शून्य आले तर रचना इथेच कामाला येते. वीर्याचं प्रमाण चांगलं आणि शुक्रजंतू शून्य, तर शुक्राशय ठीक काम करतायत. दोष वृषणाच्या उत्पादनात किंवा अधिवृषणापाशी अडथळ्यात. प्रमाणच अगदी कमी, वीर्य आम्ल आणि फ्रुक्टोज (शुक्राशयाच्या रसातली साखर) नाही, तर शुक्राशयाचा रस पोचत नाहीये: पुढची नळी बंद, किंवा जन्मतः शुक्रवाहिनीच नाही. ती आहे का हे तज्ज्ञ बोटांनी चाचपून सांगू शकतात. आकडे कमी असतील तर वृषणाच्या डाव्या बाजूच्या फुगलेल्या शिरा पाहतात. डावी शीर वर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणून त्रास डावीकडे जास्त.

यजमानांना हेही विचारा: लहानपणी वृषण खाली उतरला नव्हता का, हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, वयात आल्यावर गालगुंड झाले होते का, आणि जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तरुणांमध्ये 'हो' येऊ लागलंय. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदू वृषणाला काम थांबवायचा संदेश देतो आणि शुक्रजंतू शून्यावरही जाऊ शकतात. 'ताकदीसाठी' घेतलेलं औषध मूल होण्याच्या आड येतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

तर याच महिन्यात वीर्यतपासणी, तुमच्यासाठी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), आणि रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. सोबत नव्या हिशेबाने तीन महिने प्रयत्न. वीर्य ठीक असेल आणि तोवर दिवस राहिले नाहीत तर एचएसजी. क्षयरोग होऊन गेला असेल, अपेंडिक्स फुटलं असेल किंवा वर सांगितलेलं दुखणं असेल, तर तीन महिने थांबू नका, एचएसजी आधीच करा. तुमचं वय ३५ च्या पुढे असतं तरी मी थांबायला सांगितलं नसतं.

दिवस राहिले की मात्र झुकलेली पिशवी लक्षात ठेवा. पाळी ३५ दिवसांची असल्यामुळे पाळीच्या तारखेवरून ६ आठवडे मोजले तरी गर्भ प्रत्यक्षात ५ आठवड्यांचा असेल. त्यात मागे झुकलेली पिशवी पोटावरच्या सोनोग्राफीत नीट दिसत नाही. 'ठोके दिसत नाहीत' असं कुणी म्हणालं, आणि रक्तस्राव किंवा एका बाजूला दुखणं नसेल, तर योनिमार्गातून सोनोग्राफी करून घ्या आणि ७ ते १० दिवसांनी पुन्हा पाहा. तोवर पिशवी साफ करायची कुठलीही गोळी घेऊ नका. रक्तस्राव, एका बाजूची कळ किंवा चक्कर असेल तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात जा, नळीतला गर्भ नाही ना हे पाहावं लागतं. वाढणारी पिशवी १२ ते १४ आठवड्यांपर्यंत आपोआप वर उचलली जाते. क्वचित ती मागेच अडकते आणि मूत्रमार्ग दाबला जातो. १२ ते १६ आठवड्यांदरम्यान लघवी अडली, किंवा थेंब थेंब होऊन ओटीपोट फुगलं, तर त्याच दिवशी दाखवा. नळी घालून लघवी काढली आणि पिशवी वर सरकवली की बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.